‘४२ टक्के’, पण कशाचे?

या ब्लॉगवर आपण बहुतेक वेळा शोधनिबंध वाचतो. प्रश्न काय होता, मोजलं काय, आणि मोजलेल्यावरून काढलेला निष्कर्ष टिकतो का, एवढंच बघतो. आज तेच करायचंय, पण हातात सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल घेऊन. ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’, १८ ऑक्टोबर २०१०, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. एच. एल. गोखले. रस्त्यावर गाडीने उडवलेला माणूस जगला, वाचला, पण पहिल्यासारखा राहिला नाही, तर त्याचं कमाईचं नुकसान किती धरायचं, हा या निकालाचा प्रश्न. देशभरातली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आजही याच निकालाचा आधार घेतात. विमा कंपन्यांचे वकीलही घेतात, आणि ते काय करतात हे बघण्यासारखं आहे.

कायद्याची विद्यार्थिनी मी नाही. माझी पीएचडी अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीत चालू आहे. पण मी उरणची. न्हावा शेवाचं बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडचे रस्ते कंटेनर ट्रेलरचे आहेत. जासई, करळ फाटा, गव्हाण फाटा, दिघोडे, ही नावं आमच्या घरी गावांची कमी आणि अपघातांची जास्त. त्यामुळे हे कागद माझ्या हातात आले, आणि ते वाचताना लक्षात आलं की यातला मुख्य घोळ आपल्या लॅबमधलाच आहे.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी कुणी ‘पाच टक्क्यांचं द्रावण’ म्हटलं की आमचे सर तिथेच थांबवायचे. वजनाला वजन, आकारमानाला वजन, की आकारमानाला आकारमान? छेद सांगा, मग पुढे बोला. टक्का हा भागाकार आहे आणि छेद नसलेल्या भागाकाराला अर्थ नाही. आता सरकारी रुग्णालयातून मिळणारं अपंगत्वाचं प्रमाणपत्र बघा. अवयवांच्या अपंगत्वाच्या छापील नमुन्यात टक्केवारीच्या पुढे शरीराच्या भागासाठी जागा सोडलेली असते: अमुक टक्के कायमचं अपंगत्व, तमुक भागाच्या संदर्भात. म्हणजे छेद कागदावर लिहिलेला असतो. पण प्रमाणपत्रावरून दाव्याच्या अर्जात, अर्जातून उलटतपासणीत, आणि तिथून तडजोडीच्या टेबलावर जाईपर्यंत तो गळून पडतो. उरतात नुसते ‘४५ टक्के’.

राजकुमारचं नेमकं हेच झालं होतं. १ ऑक्टोबर १९९१ चा अपघात. डाव्या पायाची दोन्ही हाडं मोडली, डाव्या हाताचंही एक हाड मोडलं. वय साधारण २५, धंदा चीज विकण्याचा. प्रमाणपत्र ४५ टक्क्यांचं. न्यायाधिकरणाने कमाईचं नुकसानही ४५ टक्के धरलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, थांबा. हे ४५ टक्के डाव्या पायाचे आहेत, पूर्ण शरीराचे नाहीत. आणि पूर्ण शरीराचे असते तरी शरीराचं नुकसान आणि कमाईचं नुकसान हे दोन वेगळे आकडे आहेत.

निकालाचा सगळ्यात चांगला भाग इथून सुरू होतो. ज्यांना रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर द्यायचाय त्यांनी हा भाग मुळातून वाचावाच. न्यायालयाने पायऱ्या वेगळ्या केल्या. आधी दुखापत. मग त्या अवयवाचं कायमचं अपंगत्व. मग पूर्ण शरीरावर त्याचा परिणाम. आणि शेवटी, हा माणूस जे काम करत होता ते काम लक्षात घेता, त्याची कमावण्याची ताकद किती घटली. प्रत्येक पायरीवर आकडा बदलू शकतो. त्यासाठी दिलेलं उदाहरण साधं आहे. डावा हात गेला तर अपंगत्व साधारण ६० टक्के धरलं जाईल. तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाईचं नुकसान जवळजवळ १०० टक्के. सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी जाणारही नाही.

हे आमच्या भागात आणून बघा. ट्रेलरचा ड्रायव्हर, जहाजावर कंटेनर बांधणारा लॅशिंगचा कामगार, होडीवर जाळं ओढणारा कोळी, आणि कस्टमची कागदपत्रं करणाऱ्या एजंटच्या ऑफिसातला डेटा एंट्रीवाला. चौघांच्या घोट्याला सारखीच दुखापत झाली तर प्रमाणपत्रावर सारखाच आकडा येईल. हलत्या होडीवर पाय रोवून उभं राहणं ज्याचं काम आहे त्याचा तो आकडा, आणि खुर्चीत बसणाऱ्याचा तो आकडा, हे एकच मानणं म्हणजे थर्मामीटरने वजन करण्यासारखं आहे.

आता याच्या आधीची पद्धत बघूया, कारण तिच्याशी तुलना केल्याशिवाय या निकालाची किंमत कळत नाही, आणि त्याची उणीवही कळत नाही.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा (नंतर त्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं) २०२५ पर्यंत लागू होता. त्याच्या पहिल्या परिशिष्टात दुखापतींची यादी आहे आणि प्रत्येकीपुढे कमाईच्या नुकसानीचा टक्का छापलेला आहे. अंगठा गेला, ३०. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला आहे, ४०. पंजा गेला, ६०. कोण मोजतोय, कुठे मोजतोय, याने काही फरक पडत नाही. अंगठा सुताराचा असो की पहारेकऱ्याचा, ३० म्हणजे ३०. यार्डात काम करताना जखमी झालेल्या कामगाराचं प्रकरण या कायद्याखालीही जाऊ शकत होतं. गाडीने झालेला अपघात असेल तर मोटार वाहन कायदा किंवा हा, दोन्हींपैकी एक निवडावा लागायचा, दोन्हीकडे मागता येत नव्हतं.

दुसरं कोष्टक मोटार वाहन कायद्यातलं, १९९४ साली आलेलं दुसरं परिशिष्ट. वय बघा, उत्पन्न बघा, रक्कम वाचा. याची गंमत अशी की ते बेरीज-गुणाकारातच चुकलेलं होतं. १९९६ साली त्रिलोकचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच दाखवून दिलं: पहिल्या ओळीत ३,००० गुणिले १५ म्हणजे ४५,००० हवेत, छापलेत ६०,०००. पुढे ९,००० गुणिले १६ म्हणजे १,४४,००० हवेत, छापलेत १,७१,०००. तरी २०१८ मध्ये केंद्र सरकारने ते बदलेपर्यंत हे कोष्टक कायद्याच्या पुस्तकात तसंच होतं. (पुढच्या वेळी कुणी ‘पब्लिश झालंय म्हणजे बरोबरच असणार’ म्हणालं की हे उदाहरण द्या.) गुणकांची गाडी रुळावर आणली ती २००९ च्या सरला वर्मा निकालाने. २६ ते ३० वयाला १७, ३१ ते ३५ ला १६, असं उतरत जाणारं ते कोष्टक आजही वापरात आहे.

सेट-नेटच्या पेपर एकसाठी तुम्ही दोन शब्द पाठ केले असतील: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. पुन्हा मोजलं तर तोच आकडा येतो का, ही विश्वसनीयता. जे मोजायचं होतं तेच मोजलं का, ही सप्रमाणता. १९२३ चं परिशिष्ट विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही. राजकुमार निकालाने सप्रमाणता आणली. आणि माझी तक्रार ही की ती आणताना विश्वसनीयता हातातून सुटली.

कशी, ते बघा. ४५ टक्के चूक, हे न्यायालयाने नीट पटवून दिलं. मग बरोबर किती? २० टक्के. त्याला चीज विकता येणार नाही असा पुरावा समोर नव्हता, हे कारण समजतं. पण २० का, १५ किंवा ३० का नाही, ते निकालातून कळत नाही. पायऱ्या सांगितल्या, पण एका पायरीवरून दुसरीवर जाताना गणित कोणतं करायचं, ते सांगितलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर संकल्पना उत्तम, प्रोटोकॉल नाही. तुमच्या गाइडने असा चॅप्टर परत पाठवला असता.

याचा परिणाम दहा वर्षांनी दिसतो. २०२० चा ‘पप्पू देव यादव’ निकाल. विशीतला तरुण, डेटा एंट्री आणि टायपिंगचं काम, अपघातात हात गेला. प्रमाणपत्र ८९ टक्के. उच्च न्यायालयाने कमाईचं नुकसान ४५ टक्के धरलं. सर्वोच्च न्यायालयाने ६५. एकच माणूस, एकच हात, एकच काम. तीन निरीक्षकांची तीन वाचनं, आणि सगळ्यात मोठं वाचन लहानाच्या जवळजवळ दुप्पट. लॅबमध्ये असं झालं तर आपण आधी उपकरण तपासतो. सर्वोच्च न्यायालयाचं ६५ मला पटतं, कारण त्याच्या कामाचा विचार त्यात आहे. पण मला पटतं ही काही पद्धत नव्हे. तो तरुण तिथपर्यंत पोचला म्हणून ६५ झाले. जो उच्च न्यायालयातच थकतो त्याचे ४५ च राहतात.

ही मोकळी जागा विमा कंपनीला कशी उपयोगी पडते, ते एका कागदावरून दाखवते.

माझा मावसभाऊ, वय २९, एका कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये चेकर होता. यार्डभर चालायचं, शिडीने कंटेनरवर चढायचं, सील आणि नंबर तपासायचे. रात्रपाळीवरून मोटारसायकलने येताना ट्रेलरने धडक दिली. उजवा घोटा नीट जुळला नाही. प्रमाणपत्र ४२ टक्के, उजव्या पायाच्या संदर्भात. आता तो गेटवर बसून एंट्री करतो. आधी हातात महिन्याला १८,००० यायचे, आता ११,०००. ट्रेलरच्या विमा कंपनीने (नाव इथे महत्त्वाचं नाही) तडजोडीसाठी जो हिशेब दिला तो असा. पगाराच्या स्लिपवर १२,००० आहेत, तेच उत्पन्न. उरलेले ६,००० ओव्हरटाइमचे रोख, त्यांना पुरावा नाही. अपंगत्व ४२ भागिले ३, म्हणजे १४ टक्के. गुणक १७. वर्षाचे १,४४,०००, त्याचे १४ टक्के २०,१६०, गुणिले १७, म्हणजे ३,४२,७२०.

गुणाकार बरोबर आहे. गुणक बरोबर आहे. ‘पायाचे टक्के पूर्ण शरीराचे नाहीत’ हे तर राजकुमार निकालातलंच वाक्य, आणि त्यांच्या वकिलाने ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. पण भागिले तीन कुठून आलं? राजकुमार निकालात असा भागाकार नाही. त्यात पुढची पायरी आहे, कामाची, आणि हिशेबात तीच गाळलेली आहे. निकालाचा पहिला अर्धा भाग वाचून दुसरा सोडून द्यायचा, ही गोष्ट लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपण रोज बघतो. इथे तिची किंमत रुपयांत काढता येते.

हाच हिशेब वेगळ्या निवडींनी करू. उत्पन्न १८,०००. त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवा. २०१७ च्या प्रणय सेठी निकालात घटनापीठाने चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसासाठी हा आकडा ठरवला, आणि जखमींनाही तो मिळतो हे पप्पू देव यादव निकालाने स्पष्ट केलं. कंपनीच्या कागदावर ही ओळच नव्हती. कमाईचं नुकसान १८,००० वरून ११,०००, म्हणजे साधारण ३९ टक्के. वर्षाचे ३,०२,४००, त्याचे ३९ टक्के १,१७,९३६, गुणिले १७, म्हणजे २०,०४,९१२.

३,४२,७२० आणि २०,०४,९१२. जवळजवळ सहापट. एकही आकडा खोटा नाही. तीन ठिकाणी तीन निवडी केल्या: दीडपट, १.४ पट आणि २.८ पट. त्रुटी गुणाकारात कशी वाढत जाते हे आपण प्रॅक्टिकलच्या वहीत लिहितो, तेच हे. माझा ३९ चा आकडाही काही आभाळातून पडलेला नाही. दुसऱ्या बाजूचा वकील म्हणेल, हा पुढे चांगली नोकरी शोधू शकेल, आजच्या पगारावरून पुढच्या तीस वर्षांचं कसं ठरवता? प्रश्न रास्त आहे. पण मग त्याचं उत्तर पुराव्यानेच द्यावं लागेल, तीनने भागून नव्हे.

उत्पन्नाच्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण मला तो सगळ्यात जास्त खटकतो. राजकुमार म्हणत होता, महिन्याला ३,००० कमावतो. कागद नव्हता. किमान वेतन ८९१ होतं म्हणून न्यायाधिकरणाने ९०० धरले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, रस्त्यावर विकणाऱ्याकडून हिशेबाच्या वह्यांची अपेक्षा कशी करता, आणि ५० रुपये रोजाने १,५०० धरले. उदार वाटतं. पण डेटाच्या भाषेत हे काय आहे? माहिती गहाळ आहे म्हणून तिथे सगळ्यात खालची किंमत भरायची. ही माहिती सगळ्यांची सारखी गहाळ नसते. बंदरातल्या कायम कामगाराकडे स्लिप असते. ट्रेलरच्या ड्रायव्हरला पगार थोडा आणि ट्रिपचा भत्ता जास्त, तो रोख. मासळी विकणाऱ्या बाईकडे तर काहीच नाही. म्हणजे चूक एकाच दिशेने होते, आणि ज्यांच्याकडे आधीच कमी आहे त्यांच्यावरच पडते.

आणखी एक गोष्ट, मोजमापाच्या वेळेची. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा (ही प्रकरणं १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली) विमा कंपनीच्या अधिकाऱ्याला ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव देण्याची सोय करतो, आणि दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिने देतो. हेतू चांगला, लवकर पैसे मिळावेत. पण ३० दिवसांत मोडलेल्या घोट्याचं प्लास्टरही निघत नाही. कायमचं अपंगत्व दुखापत स्थिरावल्यावरच मोजता येतं. अभिक्रिया पूर्ण व्हायच्या आधी रीडिंग घेतल्यासारखं आहे हे. तेव्हा प्रस्ताव आला म्हणून लगेच सही करू नका, आणि प्रमाणपत्राची वाट बघत सहा महिनेही घालवू नका. दावा आधी दाखल होऊ शकतो, प्रमाणपत्र नंतर जोडता येतं. तो कुठे दाखल करायचा यातही निवड आहे: अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा काम करता तिथे, किंवा समोरची बाजू राहते तिथे. लोकअदालतीत सही केली की त्या निवाड्यावर अपील नाही, हेही सही करायच्या आधी कळलेलं बरं.

तुम्ही त्या कंपनीचे ग्राहक नसता, हे विसरायला होतं. पॉलिसी ट्रेलरच्या मालकाची. हप्ता त्याने भरलाय. फोनवरचा गोड आवाज त्याच्या बाजूचा आहे. यात दुष्टपणा शोधायची गरज नाही, कमीत कमी समर्थनीय आकडा मांडणं हे त्या माणसाचं काम आहे. जास्तीत जास्त समर्थनीय आकडा मांडण्याचं काम मात्र आपल्याकडे कुणाला पगारावर ठेवलेलं नसतं.

तुम्ही रिसर्चला येणार आहात, म्हणजे घरात-गावात कुणाला असं काही झालं की कागद वाचायला तुम्हालाच बोलावतील. तेव्हा प्रमाणपत्रावर शरीराचा भाग कोणता लिहिलाय तो आधी बघा. उपचार केलेले डॉक्टर साक्षीला येतील का ते विचारा. राजकुमार निकालात तयार प्रमाणपत्रं देणाऱ्या, उपचार न केलेल्या डॉक्टरांबद्दल न्यायाधिकरणांना स्पष्ट सावध केलंय, आणि बाहेरून विकत आणलेलं ६० टक्क्यांचं प्रमाणपत्र उलटतपासणीत दहा मिनिटं टिकत नाही. आणि डॉक्टरांना टक्के विचारून थांबू नका. हा माणूस शिडी चढेल का, सलग किती तास उभा राहील, ओझं उचलेल का, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. कमाईचा आकडा ठरवणं डॉक्टरांचं काम नाही, न्यायाधिकरणाचं आहे, पण न्यायाधिकरणाला तो ठरवायला लागणारा कच्चा डेटा तेच देऊ शकतात. कामाच्या ठिकाणाहून आधीचं काम काय होतं आणि आता काय आहे, याचं पत्र घ्या. ओव्हरटाइमचा मस्टर, बँकेत भरलेली रोख, सोबत काम करणाऱ्याची साक्ष, जे मिळेल ते.

मावसभावाने तडजोड नाकारली. घरात यावर दोन तट आहेत. मावशीचं म्हणणं, तीन लाख हातात आले असते, कर्ज फिटलं असतं, आणि तिचं चुकीचं आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण २० लाखांचा हिशेब मी मांडलाय, निकाल अजून लागायचाय. मस्टरची नक्कल यार्डातून मिळायला चार महिने गेले. त्यात २६ पैकी १९ दिवस ओव्हरटाइम लिहिलेला आहे, सुपरवायझरच्या सहीने. पुढच्या तारखेला डॉक्टरांची साक्ष आहे. शिडीचा प्रश्न मी वकिलांना कागदावर लिहून दिलाय.